बाळंतपणाला आलेली मुशी

सातवा सरत आला तरी लंकाबाई सुनेला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी धाडायला राजी नव्हत्या. पुणतांब्याहून तिचं माहेर श्रीरामपूर अर्ध्या तासावर. पण "तिथं काय सोन्याचा पाळना टांगलाय?" असं त्यांनी विचारलं, की विषय संपायचा.

सून रोहिणीची नोकरी मुशी, म्हणजे शार्क मासे वाचवायची. सध्या ती घरूनच फोनवर कोकणातल्या लहान होड्यांच्या कोळ्यांना विनवत होती, की लांबच्या दर्यातून पिल्लं द्यायला किनाऱ्याशी आलेल्या मुशी जाळ्यात घावल्या तर सोडून द्या. कोळी काही ऐकेनात.

शेवटी लंकाबाईंनी फोनच हिसकावला. "आरं, पोटुशी लेक बाळंतपनाला माहेरी आलीय, अन् तुमी तिला बाजारात मांडता व्हय? तिला आडवं येनाऱ्याला पाप लागतंय, पाप!"

पलीकडून एक कोळीण म्हणाली, "पटलं, आजी. सोडू आम्ही मुशीला. पण तुम्ही आमच्या रोहिणीताईंना कधी सोडताय?"



"आज रेंजच न्हाई बया," म्हणत लंकाबाईंनी फोन ठेवला आणि लेकाला गाडी काढायला सांगितली.