मेंढ्यांची वही

एप्रिलमध्ये स्टेइनुन पोटाच्या दुखण्यानं गेली. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाई तिच्या नवऱ्याकडे, हाल्डोरकडे आल्या. गेलेल्या माणसाबद्दल चर्चमध्ये बोलण्याआधी घरच्यांना विचारून घ्यायचं, ही आमच्या आइसलँडातली रीत.

"तिला काय आवडायचं?" बाईंनी विचारलं.

हाल्डोरनं खिडकीबाहेर पाहिलं. "काम," तो म्हणाला.

"काम कुणाला आवडतं हो बाबा?" मुलगी लोवीसा भडकली. "तीनशे मेंढ्यांच्या आज्या-पणज्या तुम्हाला तोंडपाठ! आईचं एक तरी काही सांगा ना!"

ते मात्र खरं. मेंढ्यांची वही स्टेइनुन लिहायची आणि हाल्डोर दर रविवारी ओळ न् ओळ वाचायचा. मेंढी नुसती शिंकली, तरी सोमवारी गुरांचा डॉक्टर दारात हजर. 'नशीब काढलंय मेंढ्यांनी,' असं आम्ही शेजारी म्हणायचो.

आईचा कुठल्या मेंढीवर जास्त जीव होता ते तरी कळेल, म्हणून लोवीसानं वही उघडली. फेब्रुवारीच्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथे मेंढीचं नाव नव्हतं, कानातल्या बिल्ल्याचा नंबरही नव्हता. नुसतंच लिहिलं होतं : 'तीन आठवडे पोटात दुखतंय. खाणं जात नाही. डॉक्टरला दाखवायला हवं.'

"बाबा, हे तुम्ही वाचलं नव्हतं?"



"वाचलं तर! दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बोलावला. तीनशेच्या तीनशे तपासून घेतल्या, एकीलाही काही झालेलं नव्हतं."