पिसांची पिशवी

“ही नको. ती दुसरी दाखवा,” यशोदाबाई म्हणाल्या.

मारुतीरावांनी कपाळाला हात लावला. खडेबाजारात चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, आणि ही बाई मघापासनं पिसांच्या पिशव्या उलट्यापालट्या करत बसली होती. लढाई संपल्यावर लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघाला, तेव्हा मारुतीरावांनी बूट, किटल्या, ओव्हरकोट असलं कायबाय दुकानात आणून भरलं होतं. त्यातच ह्या साहेबलोकांच्या झोपायच्या पिशव्या आल्या. आत बदकाची पिसं. माणसानं आत शिरायचं, गळ्यापर्यंत बंद करून घ्यायचं आणि बर्फात खुशाल घोरायचं. बेळगावात असली वस्तू कोण घेणार? एक चिंतामणी मास्तर तेवढे निघाले. मास्तर केदारनाथाला जाणार होते, हृषीकेशापासून पुढं सगळं पायी.

मास्तर दुकानाच्या पायरीवर पाठमोरे बसले होते. पिशवीचा हट्ट त्यांचा नव्हताच, बायकोचा होता. उबेचं अंथरूण घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवू देणार नाही, असं यशोदाबाईंनी बजावलं, तेव्हा कुठं ते बाजारापर्यंत आले होते.

त्यांचा एकुलता एक रघुवीर मराठा पलटणीत होता. तो इटलीच्या डोंगरात, ऐन बर्फात गेला. तार आली त्या दिवसापासून मास्तरांचं घरातलं लक्षच उडालं. शिकवण्या बंद केल्या, पुस्तकं वाटून टाकली, आणि फाल्गुनात एक दिवस जेवता जेवता म्हणाले, केदारला जाऊन येतो. मीही येते म्हटलं, तर यशोदाबाईंच्या गुडघ्यांचं निमित्त काढून त्यांनी ते उडवून लावलं. परत कधी येणार विचारलं, तर दसऱ्याला, म्हणाले. पण म्हणताना बायकोकडं बघितलं नाही. सारा जन्म ज्याच्याबरोबर काढला तो माणूस खोटं बोलतोय, हे बाईला काय कुणी सांगावं लागतं? मुलगा गेला, आता नवराही परत येणार नाही, ही भीती यशोदाबाईंच्या मनात घर करून बसली होती.

मारुतीराव जीव तोडून माल समजावून सांगत होते. एक पिशवी जाड, मुठीत दाबून सोडली की लगेच टम्म फुगायची. दुसरी कुणीतरी उकळत्या पाण्यात घालून बडवलेली. तिच्यातल्या पिसांचे गोळे होऊन पायाशी जमले होते, वर राहिलं होतं नुसतं कापड. यशोदाबाईंनी दोन्ही पिशव्या चाचपून पाहिल्या. घरच्या गाद्या त्या स्वतः समोर बसून भरून घ्यायच्या, त्यामुळं कशात ऊब आहे हे त्यांना हाताला कळायचं. जाड पिशवी त्यांनी जवळ घेतली आणि पुन्हा बाजूला ठेवली. मग त्यांनी गोळे झालेली पिशवी पुढं ओढली.

“हीच द्या.”

मारुतीरावांना वाटलं, बाई किमतीला बघतेय. त्याच भावात जाड देतो, म्हणाले. तरी यशोदाबाई मान हलवेनात. मारुतीराव मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले, त्यांना राहवेना. पायरीकडं एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“आक्का, ह्यात मास्तर गारठून जातील वो. तिथली एक रात न्हाय निघायची ह्यात.”

“म्हणूनच घेतेय,” यशोदाबाई हळूच म्हणाल्या. “पहिल्या मुक्कामालाच थंडी सोसेनाशी झाली, तर मागं फिरतील. उबेत निजले की पुढंच जात राहतील हो.”

मारुतीरावांना राग तर आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. त्यांनी गोळे झालेल्या पिशवीची गुंडाळी केली आणि सुतळी घेतली. यशोदाबाईंनी मान वर केली नाही. आपण नवऱ्याला थंडीच्या तोंडी देतोय हे त्यांना समजत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण मास्तरांना थांबवायला दुसरं काहीच हातात उरलेलं नव्हतं.

सुतळीची गाठ बसते न बसते तोच मास्तर उठून आत आले. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, देव जाणे. बांधलेली गुंडाळी त्यांनी बाजूला सारली. जाड पिशवी उचलली, मुठीत दाबली, ती पुन्हा फुगेपर्यंत थांबले आणि मग बायकोच्या मांडीवर ठेवली.

“ही तुला राहू दे. यंदाच्या थंडीत घरात एकटीच असशील,” ते म्हणाले. “मला अंथरूण लागायचं नाही.”