उडीआधीचे पंख

हायलची आज पॅराशूटची शेवटची उडी. ती झाली की छातीवर पंखांचा बिल्ला. त्याच्या आईला, उम्म हायलला, कुठला धीर? तिनं बाजारातून बिल्ला आणून कालच त्याच्या घरी ठेवलेल्या समारंभाच्या गणवेशावर शिवून टाकला. सकाळी गच्चीवर शेजारच्या सबहानं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं, लग्नाआधीच नातवाचं नाव ठेवलंस की. माझा नवराही छत्रीनं उड्या मारायचा, पण उडी होईस्तोवर बिल्ल्याकडे बघायचासुद्धा नाही. छत्री रुसते म्हणायचा." आईनं कात्रीच घेतली. एक पंख उसवला, तेवढ्यात झरका शहरावरून विमान घरघरत गेलं. हात थांबला. पोर वर, आणि आपण त्याचे पंख कापतोय? "आता काय करू गं?" सबहानं समोर बोट दाखवलं. लांब माळावर छत्र्या उमलल्या, मोगरा उधळावा तशा तरंगत राहिल्या. हायल त्यातल्या कुठल्या छत्रीखाली, कळेना. मग आई प्रत्येकीलाच म्हणू लागली, "जपून उतर, बाळा."