कापलेली पंगत

शिक्रापूरच्या व्हिडिओ शूटिंगवाल्या ज्ञानदेवनं अनसाबाईंच्या लेकीच्या लग्नाची कॅसेट सीडीवर उतरवून दिली. सीडीत मावायचं तासभराचंच, म्हणून नेहमीसारखी त्यानं पंगत कापली. जेवणाऱ्यांची तोंडं कोण बघतं? कॅसेट परत कुणी मागितली नाही, तेव्हा तीही पुसून दुसऱ्या लग्नाला वापरून टाकली.

महिन्यानं अनसाबाई निमोण्याहून भुईमुगाच्या शेंगा घेऊन दुकानात आल्या.

"लई उपकार झालं, बाबा. मालक गेलं, मागं एक फोटू न्हाई. आता रोज दिसत्यात, पंगतीत बुंदी वाढताना."

ज्ञानदेवनं शेंगा बाजूला ठेवल्या. "मावशी, पंगत न्हाई हो त्यात."

"हाय की! आधी पार टोकाला व्हते. रोज एकेक ताट पुढं येत्यात."

अनसाबाईंनी पिशवीतून काढून दिलेली सीडी त्यानं लावली. अक्षता पडल्या आणि टीव्हीवर पंगत बसली. बादली घेतलेला एक म्हातारा शेवटच्या ताटात बुंदी वाढून सरळ झाला, चालत काचेपाशी आला, आणि ज्ञानदेवकडं बघत त्यानं बादलीतून मूठ भरली.

अनसाबाईंचा चेहरा उजळला.

"धर की हात पुढं. तुझ्यासाठीच हितवर आल्यात. न्हाई म्हणू नको बाबा, ते ऐकायचे न्हाईत."