दाराचं कुलूप

"मावशी, हाडांची झीज थांबली," रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या.

रत्नपालच्या जिवात जीव आला. माय, जनकाबाई, न्हाणीत पडून तिचं मनगट मोडल्यापासून त्याला घोर लागला होता.

"पण त्या विंजेक्शनानं केलं तरी काय, बाई?" जनकाबाईंनी विचारलं.

"हाडं खाणाऱ्या पेशी असतात. त्यांना एक दार असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. 'खा' असा निरोप त्या दारातूनच आत जातो. औषधानं तो निरोप बाहेरच अडवला, त्या दाराला जणू कुलूपच घातलं. आता बिनधास्त हिंडा, चालल्यानं हाडं बळकट होतात."

कुरुंद्याला घरी आल्यावर रत्नपालनं मायला खाटेवर बसवलं.

"हळदीला पाणी देऊन येतो. तू उठू नको, पडशील," म्हणत त्यानं बाहेरून लावायला रोजच्यासारखं खुंटीवरचं कुलूप घेतलं.

वळून बघतो तर जनकाबाईंनी पायात चपला सरकवल्या होत्या.

"हाडं खाणारे कोंडले नं त्या बाईनं?" त्या हसून म्हणाल्या, "मंग आता मला काहून कोंडून राहिला?"