लांबची वाट

"आज लांबच्या वाटेनं जाऊ, आई," थोरला म्हणाला आणि म्हातारी पट्टा आवळून जागीच उभी राहिली. भुऱ्या कुत्रा दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघू लागला.

"याची पाळी नाही अजून," ती म्हणाली.

कसली पाळी, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं नाही. ती इथं यायला लागल्याला अकरा वर्षं झाली, पण तो आज पहिल्यांदाच तिच्याबरोबर या राखीव रानात आला होता. पायात पांढरेशुभ्र बूट. दुकानातून निघाल्यावर त्यांनी अजून माती पाहिली नव्हती.

बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून ती रोज सकाळी एक कुत्रा इथं फिरायला आणायची. नवरा गेला, पोरं पांगली, घरात ओरडायला कुणी उरलं नाही म्हणून कुत्र्यांवर ओरडायला जातात, असं सुना म्हणायच्या. ते काही खोटं नव्हतं. फाटकातून आत आलं की दोन वाटा फुटायच्या. आखूड वाट तारेच्या कुंपणापर्यंत जाऊन वीस मिनिटांत परत यायची. लांबची तळ्याला वळसा घालून यायची. रोजच्या फेरीला आखूड वाट. लांबची, ज्याची पाळी आली त्याला. तीन महिन्यांत ज्या कुत्र्याला कुणी घरी नेलं नाही, त्याला निवाऱ्याचा डॉक्टर कायमचं झोपवायची सुई द्यायचा. त्याच्या आदल्या दिवशी म्हातारी त्याला तळ्यावर न्यायची. 'कुत्री मोकळी सोडू नयेत' या पाटीकडं न बघता पट्टा सोडायची. स्वेटरच्या खिशातलं उकडलेलं अंडं सोलून भरवायची. त्या दिवशी ओरडायची नाही. ही पद्धत तिची तिनंच घातली होती. कुणाला विचारलं नव्हतं. जन्मात तिनं कुणाला विचारून काही केलं नव्हतं.

परतताना मात्र सगळी कुत्री सारखीच वागायची. तिच्या पुढं पुढं, शेपटी हलवत. मुकं जनावर, त्याला काय कळतंय, असं म्हणून ती मन घट्ट करायची.

फाटकावरच्या राखणदाराला हे सगळं ठाऊक होतं. ती लांबच्या वाटेला वळली की सुटा पट्टा दिसायला नको म्हणून तो पाठ फिरवून उभा राहायचा. आजही पाठ फिरवता फिरवता त्यानं विचारलं, "मावशी, आज हा का?"

याला अजून दीड महिना आहे, असं ती म्हणाली. आमच्या लेकरानं हट्ट धरलाय. लेकरू पन्नाशीचं आहे, एवढंच.

थोरला हळू चालत होता. एरवी त्याच्याबरोबर चालायचं म्हणजे धावायचं. आज त्यानं तिची पिशवी घेतली. दगड आला की कोपर धरलं. ती दोनदा त्याच्यावर डाफरली, एकदा पिशवीवरून आणि एकदा बायकोवरून, पण तो उलटून बोलला नाही. तेव्हाच खरं तर तिला शंका आली. दोन महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली होती. तेव्हापासून फोनवर दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे आणि तिच्याशी नुसतं हवापाण्याचं.

तळ्याशी आल्यावर त्यानं बाकावरची पानं झाडून तिला बसवलं. पाण्यात पाय सोड हवं तर, म्हणाला. सर्दी होईल म्हणून साधं थंड पाणी पिऊ न देणारा हा माणूस. मग त्यानं खिशातून चॉकलेट काढलं. तिला साखरेचा आजार. ती थोरल्याकडं राहायला गेली की गोडाचा डबा तिच्या हाताला लागू नये म्हणून सून तो माळ्यावर ठेवायची. थोरल्यानं चॉकलेटचा कागद स्वतः सोडवला आणि एक तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला.

"खा ग. एका दिवसानं काय होतंय?"

म्हातारीनं तुकडा तोंडात घेतला. चावला नाही. तो विरघळेपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली. तो तळ्याकडं बघत होता.

"कधी?" तिनं विचारलं.

त्यानं बुटाला लागलेली माती गवतावर घासली.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "जागा चांगली आहे, आई. बाग आहे. डॉक्टर रोज येतो."

"हो, डॉक्टर तर लागणारच," म्हातारी म्हणाली.

धाकट्याकडं खोली नाही, आपल्याकडं दिवसभर घरात कुणी नसतं, असं तो एकेक सांगत गेला. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. या तोंडानं तिनं घरमालकाला तीनदा जिन्यावरून परत पाठवलं होतं. व्याह्यांना भर लग्नात गप्प बसवलं होतं. पण थोरल्याच्या हातात तो चॉकलेटचा कागद होता आणि तो त्याची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. याच बाकावर अंड्याची टरफलं असाच चाळवत राहणारा एक हात तिच्या ओळखीचा होता, तिचा स्वतःचा. त्या दिवशी संध्याकाळी त्या हातानं घास उचलवत नाही, हेही तिला माहीत होतं.

ती उठली. गुडघ्यातून कळ आली तरी तिनं त्याचा हात घेतला नाही. भुऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून ती त्याच्या पुढं चालू लागली. बुटांची पार वाट लागली की रे, आता बायको घरात घेते का बघ, असं म्हणाली. बागेत कुठली झाडं आहेत ते विचारलं. डॉक्टर दिसायला बरा आहे ना, तेही विचारलं. थोरला हसला. सकाळपासून वर चढलेले त्याचे खांदे खाली आले. ती आणखी भरभर चालू लागली.

फाटक दिसलं. राखणदार अजून पाठ फिरवूनच उभा होता. इतक्या वर्षांतली ती सगळी कुत्री परतीच्या वाटेवर कुणासाठी शेपटी हलवत होती, ते म्हातारीला आज कळलं.