तिचं सहस्रचंद्रदर्शन

"मुलगी चोवीस वर्षांची आणि सहस्रचंद्रदर्शन? संकल्प कोणाच्या नावाने सोडू?" गुरुजींनी पळी खाली ठेवली.

"माझ्या हिच्या," दाजीकाका म्हणाले. "ही एकोणऐंशीची असताना वारली. तिने दान केलेलं, यंत्रात आठवडाभर जिवंत ठेवलेलं यकृत आता या ऋजुतामध्ये नांदतंय. आज ते एक्याऐंशीचं झालं. या सोहळ्याची फार आस होती हो तिला."

ऋजुता पाटावरून उठू लागली. "काका, शास्त्रात नसेल तर राहू दे."

"बस गं!" म्हणत गुरुजींनी संकल्प सोडला. दिवे ओवाळून झाल्यावर सत्तरीचे गुरुजी वाकून तिच्या पाया पडले.

"अहो, माझ्या कसल्या पाया पडता!"

"तुझ्या आत माझ्याहून वडील माणूस आहे, बाळ."

दाजीकाका खुदकन हसले. "अगं, मग आशीर्वाद दे की त्यांना!"